मयताला दत्तक गेलेलं गाव

नगरपालिकेत मी बत्तीस वर्षं काढली. त्यातली एकोणीस आस्थापना विभागात, उरलेली जिथे जागा रिकामी असेल तिथे. गावाचा विकास कसा होतो याबद्दल एवढ्या काळात माझी काही मतं पक्की झाली होती. आधी रस्ता, मग पाणी, मग गटार, मग दिवे, असा तो होतो आणि बहुधा रस्त्यावरच अडतो. निवृत्तीनंतर एका ऑक्टोबरात पुतण्याकडे न्यू जर्सीला गेलो आणि ही सगळी मतं रद्दीत काढावी लागली.

शनिवारी सकाळी पुतण्या म्हणाला, "काका, आज जिम थॉर्पला जाऊ." मला वाटलं, त्याच्या कचेरीतला कुणी साहेब असेल. कुणाकडे रिकाम्या हाताने जाणं बरं दिसत नाही, म्हणून पुण्याहून आणलेल्या बाकरवडीचा एक पुडा मी पिशवीत टाकला. सदर गृहस्थ १९५३ सालीच वारले असून हल्ली ते गाव आहेत, हे मला गाडीत बसल्यावर कळलं.

पेनसिल्व्हेनिया राज्यात, लीहाय नदीच्या अरुंद खोऱ्यात हे गाव आहे. कार्बन परगण्याचं मुख्य ठाणं. तिकडच्या कायद्यात त्याला बरो म्हणतात, म्हणजे आपल्या नगरपंचायतीचा धाकटा भाऊ. लोकसंख्या साडेचार हजारांच्या आसपास. एवढ्या वस्तीला आपल्याकडे ग्रामसेवकही दुसऱ्या गावाशी वाटून घ्यावा लागतो. पण एवढ्याशा बरोने असा एक ठराव केला, की त्यावर पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत कागद गेले. आमच्या सभागृहात बत्तीस वर्षांत एवढं दूरदर्शी काही झालं नाही. आमचे ठराव जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊन परत यायचे.

आधी गावाचं पूर्ववृत्त. नाव होतं मॉक चंक. तिथल्या मूळच्या लेनापी लोकांच्या बोलीत त्याचा अर्थ अस्वलाचा डोंगर. जवळच्या डोंगरात अँथ्रासाइट जातीचा कोळसा सापडला आणि १८१८ च्या सुमारास एका कोळसा कंपनीने हे गाव वसवलं. कोळसा वर डोंगरात आणि नदी खाली. तेव्हा १८२७ मध्ये नऊ मैलांचा उताराचा लोहमार्ग टाकला. भरलेले डबे आपल्या वजनाने खाली येत. रिकामे डबे वर ओढायला खेचरं लागत, म्हणून खेचरांनाही एका डब्यात बसवून खाली आणत. असं सांगतात, की खेचरांना ही सोय इतकी मानवली, की नंतर काही केल्या ती उतारावर पायी चालायला तयार होईनात. सरकारी वाहनाची सवय लागलेला प्राणी पुढे पायी चालत नाही, हे मी मनुष्यजातीत पाहिलं होतं. खेचरांतही तो गुण असतो हे ऐकून त्यांच्याबद्दल आपुलकी वाटली.

पुढे कोळशाला दुसरे मार्ग मिळाले आणि हीच घसरगाडी माणसांना मजेखातर फिरवू लागली. जत्रेतल्या रोलर कोस्टरची ही आजी. १९३३ मध्ये ती बंद पडली आणि काही वर्षांत रूळ भंगारात गेले. ज्या वस्तूपायी लोक लांबून येत ती मोडीत काढायची आणि मग लोक येत नाहीत म्हणून बैठक बोलवायची, हा क्रम मला घरच्यासारखा वाटला.

गावात एक तुरुंग आहे, आता तिकीट लावून दाखवतात. खाणमालकांविरुद्ध उभ्या राहिलेल्या आयरिश कामगारांवर मॉली मग्वायर्स या गुप्त टोळीचे म्हणून खटले चालले. पुरावा मुख्यतः पिंकर्टन कंपनीच्या खासगी हेराचा. २१ जून १८७७ रोजी या तुरुंगात एकाच दिवशी चौघांना फाशी दिलं. त्यातल्या एकाने, म्हणे, कोठडी क्रमांक १७ च्या भिंतीवर हाताचा पंजा उमटवला आणि सांगितलं, मी निर्दोष आहे, हा ठसा कायम राहील. तो आहे. भिंत धुतली, रंगवली, इतकंच काय, १९३० च्या सुमारास शेरीफने तेवढा भाग उकरून नवा गिलावा केला, तरी सकाळी पंजा जागेवर, अशी दंतकथा तिथला वाटाड्या शांतपणे सांगतो. आमच्या बांधकाम विभागाच्या गिलाव्याचा दोषदायित्व कालावधी तीन वर्षं असे आणि तो कधी पहिल्या पावसापुढे गेला नाही. गिलाव्याखालचं एवढं टिकाऊ काम मी दुसरं पाहिलेलं नाही.

तर असं गाव. कोळसा उतरला, रेल्वे उतरली, घसरगाडी गेली, दुसरं महायुद्ध संपता संपता तरुण पोरंही कामाच्या शोधात बाहेर पडली. पुढे जो बॉइल नावाच्या स्थानिक संपादकाने एक निधी काढला: दर माणशी दर आठवड्याला पाच सेंट. त्यातून जागा घ्यायची, कारखाने आणायचे. इथवर कुठल्याही गावाला सुचेल असं आहे. असला निधी साधारणपणे पावती पुस्तकं छापण्यात संपतो. मॉक चंकचा निधी मात्र वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर गाजला, आणि ती बातमी फिलाडेल्फियात एका विधवेच्या कानावर गेली.

तिचं नाव पॅट्रिशिया. ती जिम थॉर्पची तिसरी पत्नी.

जिम थॉर्प कोण, हे थोडक्यात सांगणं अवघड आहे, कारण तो बहुतेक सगळ्या खेळांत होता. सॅक अँड फॉक्स या आदिवासी राष्ट्रातला, आजच्या ओक्लाहोमा राज्यात जन्मलेला. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन, दोन्हींत सुवर्णपदक. त्या स्पर्धांच्या वेळचा त्याचा एक फोटो आहे: उभा आहे ताठ, पण दोन पायांत दोन वेगवेगळे बूट आणि मोजेही विजोड. पुढच्याच वर्षी दोन्ही पदकं काढून घेतली, कारण ऑलिंपिकच्या आधी त्याने उन्हाळ्यात किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला होता. म्हणजे तो हौशी राहिला नाही. आक्षेप घ्यायला नियमाने तीस दिवसांची मुदत होती आणि आक्षेप आला अर्धं वर्ष उलटल्यावर. तरीही तो मान्य झाला. मुदतबाह्य अर्ज कुणाचा फेटाळायचा आणि कुणाविरुद्धचा स्वीकारायचा, हे अर्जावर नव्हे, माणसावर ठरतं. हे ज्ञान मला सेवेच्या सहाव्या वर्षी झालं होतं. ऑलिंपिक समितीने १९८२ मध्ये त्याला सहविजेता केलं, १९८३ मध्ये मुलांच्या हाती पदकांच्या प्रतिकृती दिल्या, आणि २०२२ मध्ये एकमेव विजेता म्हणून नोंद दुरुस्त केली. एका नोंदीच्या दुरुस्तीला जवळपास एकशे दहा वर्षं. आमच्याकडे सिटी सर्व्हेला याहून लवकर होतं, पण फार लवकर नव्हे.

२८ मार्च १९५३ रोजी तो कॅलिफोर्नियात गेला, एका फिरत्या घरात, हृदयविकाराने. हातात पैसा उरला नव्हता. देह ओक्लाहोमाला नेला. त्याच्या माणसांनी आपल्या रीतीने अंत्यविधी मांडला. विधी अर्ध्यावर असताना पॅट्रिशिया पोलीस आणि शववाहिका घेऊन आली आणि पेटी उचलून घेऊन गेली. तिला नवऱ्याचं स्मारक हवं होतं, आणि ओक्लाहोमाच्या गव्हर्नरने स्मारकाच्या निधीवर फुली मारली. मागे राहिलेल्यांचं म्हणणं एवढंच, की विधी पुरा झाला नाही, आता तो भटकत राहणार. पिंडाला कावळा शिवला नाही तर घराचं काय होतं हे आपल्याकडे वेगळं सांगावं लागत नाही. पण या लेखाचा विषय गावविकास आहे, तेव्हा पुढे जाऊ.

पॅट्रिशियाकडे देह होता, गाव नव्हतं. मॉक चंककडे गाव होतं, पण गावाला काही नव्हतं. निविदेशिवाय इतकी चोख जुळणी मी पाहिलेली नाही. १९५४ मध्ये करार झाला. गावाने तिच्या नवऱ्याचं नाव घ्यायचं, त्याला साजेसं थडगं बांधायचं. तिने देह द्यायचा. शिवाय एक कलम: जोवर गावाचं अधिकृत नाव जिम थॉर्प आहे, तोवर ती किंवा तिचे वारस देह हलवणार नाहीत. मी हजारो करारनामे डोळ्यांखालून घातले, त्यात दुकानगाळे, घंटागाड्या, डासांची औषधं होती. गावाचं नावच तारण ठेवून मृतदेह भाड्याने घेतल्याचं हे एकच कलम. आपल्याकडे माणूस दत्तक गेला की त्याचं आडनाव बदलतं. इथे अख्खं गाव दत्तक गेलं, तेही मयताला.

याहून मोठी करामत पुढची. नदीच्या दोन काठांवर दोन बरो होते, मॉक चंक आणि ईस्ट मॉक चंक. त्यांचं पिढ्यान्पिढ्या जमत नव्हतं. एक व्हा, असं शहाणी माणसं सांगत, पण कुणाचं नाव राहायचं यावर गाडी अडे. जिम थॉर्पने तो तिढा सोडवला. तुझंही नको, माझंही नको, या तिसऱ्याचं. मतदान झालं आणि दोन्ही काठ प्रचंड बहुमताने एक झाले. हद्दवाढीच्या बैठकांत आम्ही नकाशे, लोकसंख्या, मालमत्ताकर असल्या गोष्टींवर डोकी फोडली. एक अनोळखी मयत मध्ये आणावा, हे आमच्या नगररचनाकाराला सुचलं नाही.

आता कुणी कोता माणूस विचारील, की या थॉर्पचा या गावाशी संबंध काय? काही नाही. त्याने हयातीत या गावात पाऊल टाकल्याची नोंद नाही. याच राज्यातल्या कार्लाइलच्या शाळेत तो शिकला, जिथे आदिवासी मुलांचे केस कापून, त्यांची बोली सोडवून त्यांना माणसात आणत. एवढाच धागा, तोही शंभरेक मैलांवरचा. मला यातच गावाचा निःपक्षपातीपणा दिसतो. आपल्याकडे नामांतर म्हटलं की दोन्ही बाजू इतिहासाचे गठ्ठे घेऊन येतात: हा राजा इथे आला होता, तो संत इथे थांबला होता, ताम्रपट दाखवा, बखर दाखवा. वर्षानुवर्षं मोर्चे निघतात. जिम थॉर्पमध्ये पुराव्याचा प्रश्नच आला नाही, कारण पुरावा नव्हताच. आणखी एक बारकावा बघा. एका आदिवासी माणसाचा सन्मान करायचा म्हणून त्यांनी आदिवासी बोलीतलं नाव पुसलं. जमाखर्च तिथल्या तिथे जुळला.

थडगं १९५७ मध्ये पुरं झालं. तांबड्या ग्रॅनाइटचं, सुमारे वीस टनांचं. तोवर देह गावच्या स्मशानातल्या तळघरात थांबला होता. स्मारकाचं काम लांबलं की पुतळा गोदामात थांबतो, तसा. जगातला सर्वांत मोठा खेळाडू, अशा अर्थाचे स्वीडनच्या राजाचे म्हणून प्रसिद्ध असलेले शब्द दगडावर कोरले. ओक्लाहोमाहून माती आणली, स्टॉकहोमच्या मैदानातून आणली. जी माती त्याला मिळायला हवी होती, तिच्यात त्याला नेण्यापेक्षा ती माती इकडे आणणं वाहतूक खर्चाच्या दृष्टीने परवडतं.

गावाच्या अपेक्षा माफक होत्या. थॉर्पच्या नावाने मोठं रुग्णालय येईल, फुटबॉलचं राष्ट्रीय दालन येईल, मागोमाग उद्योग येतील. रुग्णालय आलं नाही. फुटबॉलचं दालन १९६३ मध्ये ओहायो राज्यातल्या कँटनला उघडलं. थॉर्प तिथल्या संघातून खेळला होता, एवढा क्षुल्लक धागा त्या गावाकडे होता. म्हणजे देह इकडे आणि दालन तिकडे. तेव्हा गावातले काही अधीर लोक म्हणू लागले, की जुनं नाव परत घ्या. साठच्या दशकात तसे प्रयत्न झाले आणि पडले. ते पडले याचं मला समाधान आहे. चुकलेला निर्णय मागे घेण्याची प्रथा एकदा सुरू झाली, की प्रशासनाला कुठे थांबायचं ते कळणार नाही.

२०१० मध्ये जॅक, म्हणजे थॉर्पचा धाकटा मुलगा, न्यायालयात गेला. वडिलांना घरी न्यायचं होतं, तेवढंच. तो पुढच्या वर्षी वारला. मग भाऊ आणि सॅक अँड फॉक्स राष्ट्र पुढे झालं. १९९० चा एक केंद्रीय कायदा आहे: आदिवासींच्या अस्थी कुठल्या वस्तुसंग्रहालयाकडे असतील तर त्या वंशजांना परत द्याव्यात. त्यात वस्तुसंग्रहालयाची व्याख्या अशी ऐसपैस, की केंद्राचा पैसा घेणारी आणि असे अवशेष बाळगणारी स्थानिक संस्थाही तिच्यात बसते. २०१३ मध्ये जिल्हा न्यायालयाने निकाल दिला, की जिम थॉर्प बरो हे वस्तुसंग्रहालय आहे.

हा निकाल मी दोनदा वाचला असता, पण पुतण्याने फोन मागून घेतला. विचार करा, एका सकाळी उठून तुमच्या नगरपंचायतीला कळतं, की ती वस्तुसंग्रहालय आहे. लिपिक, पाणीपट्टीचा भरणा, सभागृहातल्या खुर्च्या, सगळं दालनात जमा. माझ्या काही सहकाऱ्यांबद्दल मी हे खासगीत बोललो होतो. न्यायालयाने लेखी दिलेलं प्रथमच पाहिलं. पण वरच्या न्यायालयाला २०१४ मध्ये हे हास्यास्पद वाटलं. कायद्याचा अक्षरशः अर्थ लावला तर अनर्थ होतो, हा माणूस तिथे रीतसर पुरलेला आहे, पत्नीच्या संमतीने, सबब गाव हे वस्तुसंग्रहालय नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. थोडक्यात, गाव दीड वर्ष वस्तुसंग्रहालय होतं आणि मग पुन्हा गाव झालं. वडील जिथे होते तिथेच. दोन नातवांचं म्हणणं होतं, की ते तिथे सुखात आहेत, राहू द्या. घराघरांत अशी दोन मतं असतात आणि ज्याचं खरं मत विचारायचं तो उठून सांगत नाही.

गावाने मात्र नाव मनापासून वागवलं, हे मान्य करायला हवं. हायस्कूलच्या संघांना ऑलिंपियन्स म्हणतात. दरवर्षी मे महिन्यात थॉर्पचा वाढदिवस करतात. आणि विकास? तो झाला. चाळीसेक वर्षांनी का होईना, पण झाला. डोंगर, दरी, नदीत रबरी होड्या, जुन्या रुळांवरून दरीत जाणारी पर्यटकांची आगगाडी, १८८१ चं ऑपेरा हाउस, रेल्वेचा धनी एसा पॅकर याचा टेकडीवरचा वाडा, तो पंजा. जुनी दगडविटांची घरं सलग उभी आहेत. गावाकडे ती पाडून नवी बांधायला पैसेच नव्हते म्हणून वाचली. आता ती पाहायला गर्दी होते. यातलं सगळं मॉक चंकचं आहे, हे माझ्या ध्यानात आलं. पण अहवाल लिहिताना ठराव वर लिहायचा असतो आणि परिणाम खाली. मधल्या रेषेचं कुणी विचारत नाही.

आम्ही पोहोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. ऑक्टोबरातला शनिवार, डोंगर हळदकुंकवासारखे झालेले आणि न्यू जर्सीतला अर्धा मराठी माणूस तिथे आलेला. स्टेशनापुढच्या वाहनतळाच्या तोंडाशी आमच्या पुढे तीन गाड्या, तीनही खिडक्यांतून बायका हात बाहेर काढून गाडी लावायच्या सूचना देत होत्या, पैकी दोघी शुद्ध मराठीत. वाहनतळ भरला होता. नेमकं तिथे गाडीतल्या यंत्रातून बाई बोलली, की आपण जिम थॉर्पला पोहोचला आहात. पुतण्याने पाऊण तास फेऱ्या मारल्या. दर फेरीला बाई तेच सांगत होती.

शेवटी सूनबाई म्हणाल्या, "आधी त्याची समाधी तरी बघून येऊ. काका पुडा घेऊन आलेत."

पूल ओलांडून पलीकडच्या काठावर गेलो. समाधी गावाच्या टोकाला, मोठ्या रस्त्याच्या कडेला आहे. एक पुतळा फुटबॉल घेतलेला, एक थाळी फेकणारा, मध्ये तांबडा दगड. फलकांवर त्याचं आयुष्य लिहिलंय, पोलीस आणि शववाहिकेचा प्रसंग मला काही त्यावर सापडला नाही. गाड्या सुसाट जात होत्या, गावाच्या दिशेने. इथे गाडी लावायला जागाच जागा. आमच्याशिवाय एक म्हातारा आपल्या कुत्र्याला फिरवत होता, आणि ते कुत्रंसुद्धा दगडापासून अंतर राखून चाललं होतं.

मी चपला काढल्या. का काढल्या ते पुतण्याला सांगता आलं नसतं, त्यानेही विचारलं नाही. दगडाला हात लावला, उन्हाने कोमट होता. पुडा ठेवावा असं मनात आलं. मग वाटलं, ज्याच्या घरी जातो त्याच्या हातात द्यायची वस्तू. हे घर त्याचं म्हणावं, तर करारनामा आठवत होता.

गवतावर बसून पुडा फोडला. म्हाताऱ्यालाही एक दिली. तिखट लागली, पण त्याने खाल्ली, आणि रंगांचा मोसम आता आठवडाभरच आहे, म्हणाला.